मरँट्झ 7 आणि ऑडिओ रिसर्च रेफरन्स 6: एकाच रॅकमध्ये वर्षभर

हे दोन ट्यूबचे प्रीअँप, म्हणजे पॉवर अँपच्या आधी सिग्नल निवडणारी आणि त्याची पातळी ठरवणारी यंत्रं; एक जुनं, एक नवं. निकाल आधीच सांगतो. लाइन प्रीअँप (डिजिटल प्लेअर, ट्यूनर अशांचा तयार सिग्नल हाताळणारा) म्हणून रेफरन्स 6 सरस आहे आणि तो फरक थोडाथोडका नाही. पण तबकडी वाजवायची असेल, तर मरँट्झ 7 चा फोनो भाग (पिनकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा) मी सोडणार नाही. दोन्ही मशीन वर्षभर एकाच रॅकमध्ये आहेत. पॉवर अँप, स्पीकर, खोली सगळं तेच. तुलना करताना 400 हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने पातळी जुळवून घेत होतो. हे केलं नाही तर सगळं मुसळ केरात, कारण अर्धा डीबी (डेसिबल) मोठं वाजणारं मशीन कानाला नेहमीच ‘जास्त जिवंत’ वाटतं.

मरँट्झ 7 हे 1950 च्या दशकाच्या अखेरचं डिझाइन. सहा 12एएक्स7 ट्यूब, आणि एकाच पेटीत फोनो, टोन कंट्रोल, स्क्रॅच आणि रंबल फिल्टर, असं सगळं काही. रेफरन्स 6 मध्ये फोनो नाहीच, ती निव्वळ लाइन स्टेज. सहा 6एच30 ट्यूब, सर्किट पूर्ण बॅलन्स्ड (सिग्नल सुलट आणि उलट अशा जोडीच्या वाटांनी), फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत इनपुटला देणं) नाही, आणि पॉवर सप्लायच्या रेग्युलेशनला वेगळ्या ट्यूब. या ट्यूबच्या स्वभावातच निम्मा फरक आहे. 12एएक्स7 चा अँप्लिफिकेशन फॅक्टर (ट्यूब सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकते) 100, पण ती जेमतेम 1 मिलीअँपच्या आसपास करंटवर चालते आणि तिचा प्लेट रेझिस्टन्स (आतला रोध) साठ किलोओहमच्या घरात जातो. 6एच30 चा फॅक्टर 15 च्या आसपास, पण प्लेट रेझिस्टन्स 1 किलोओहमच्याही खाली. पहिली सिग्नल भरपूर वाढवते, पण लांब केबल आणि जड लोड ओढायला तिला कॅथोड फॉलोअरची (सिग्नल न वाढवता त्याला जोर देणाऱ्या टप्प्याची) मदत लागते. दुसरी वाढवते कमी, पण पुढचं काही असो, दमत नाही.

आता त्या बहुचर्चित ‘उबदार’ आवाजाविषयी. मरँट्झ मी ओव्हरहॉलच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ऐकला. आधी बास गुबगुबीत होता, वरचा भाग मवाळ, एकूण आवाज मधाळ. हाच ‘व्हिंटेज साउंड’ असं कुणी म्हटलं असतं तर पटलं असतं. नंतर पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक आणि मधले कपलिंग कपॅसिटर (टप्प्यांमधला डीसी अडवणारे) बदलले, सरकलेल्या व्हॅल्यूचे रेझिस्टर मोजून काढले, आणि त्या मधातला बराचसा भाग गेला. जे उरलं ते कितीतरी चांगलं होतं. इतक्या वर्षांत इलेक्ट्रोलिटिक सुकतात, कागदी कपॅसिटर डीसी गळू देतात, पुढच्या ट्यूबचा बायस (कामाचा बिंदू) हलतो, कार्बन कंपोझिशन रेझिस्टरची व्हॅल्यू वर चढते. आपण ज्याला त्या काळचा आवाज म्हणून मिरवतो, तो पुष्कळदा वय झालेल्या भागांचा आवाज असतो. हे मशीन नवं असताना तसं वाजत नव्हतं. म्हणून न तपासलेल्या जुन्या प्रीअँपवरून कुणी ‘जुनं विरुद्ध नवं’ असा निवाडा दिला, तर तो मी मानत नाही.

ओव्हरहॉलनंतर दोन्ही बरेच जवळ आले, पण एक झाले नाहीत. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं की फरक लगेच पकडता येतो. रेफरन्स 6 वर जवारीचे, म्हणजे तारेच्या झंकारातले, वरचे स्वर एकेक करून सुटतात. तार छेडल्यानंतर कोणता स्वर आधी उमलला आणि कोणता मागून आला, हे कान न ताणता कळतं. मरँट्झवर तोच झंकार एकसंध येतो, सुंदर येतो, पण त्यातले पदर मोजता येत नाहीत. तबल्याच्या डग्ग्यावर तर नवं मशीन सरळ पुढे आहे. मींड घेताना खालचा स्वर किती आणि कुठे दबला ते दिसतं, आणि थाप थांबली की खरोखर थांबते. गाणाऱ्याच्या आवाजात मात्र मरँट्झ काहीतरी देतो. मधल्या पट्टीत आवाजाला शरीर येतं, गायक दोन पावलं पुढे सरकल्यासारखा वाटतो.

हे ‘काहीतरी’ नेमकं कुठून येतं, याचा पिच्छा मी पुरवला. मरँट्झचा टेप आउट (टेप रेकॉर्डरसाठीचं, व्हॉल्यूमच्या आधीचं आउटपुट) रेफरन्स 6 च्या लाइन इनपुटला जोडला. फोनो विभागातला तिसरा ट्रायोड (ट्यूबमधला एक टप्पा) कॅथोड फॉलोअर असल्याने त्याला ही केबल ओढणं जड जात नाही. अशा जोडणीत आरआयएए इक्वलायझेशन (तबकडी कापताना कमी केलेला बास आणि वाढवलेला वरचा भाग पूर्ववत करणं) जुन्या मशीनमध्ये होतं आणि व्हॉल्यूमपासून पुढचं सगळं नव्यात. मला वाटलं होतं, गोडवा निम्मा तरी उतरेल. तो जवळपास सगळा टिकला, आणि वर डग्ग्याची पकड व जवारीचे पदरही आले. उलट मरँट्झच्या फक्त लाइन स्टेजमधून डॅक (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉग करणारं यंत्र) ऐकला, तेव्हा ती जादू फारशी नव्हतीच; आवाज थोडा गोल आणि थोडा लहान झाला, एवढंच. या मशीनची कीर्ती त्याच्या फोनो सर्किटवर उभी आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. इतरांनी त्या सर्किटच्या इतक्या नकला केल्या, त्या उगाच नाहीत.

डॅकच्या बाबतीत एक गैरसोयही आहे. जुन्या प्रीअँपचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) त्या काळच्या ट्यूनरच्या हिशेबाने ठेवलेला. आजचा डॅक सरसकट 2 व्होल्ट देतो. मग नॉब जेमतेम हलवला की खोली भरते, आणि अगदी खालच्या टोकाला व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरचे डावे-उजवे ट्रॅक नीट जुळत नाहीत. गायक मधून एका बाजूला सरकतो. शिवाय व्हॉल्यूमनंतरच्या ट्यूबची हिस (सूं असा आवाज) नॉब कुठेही असला तरी तेवढीच राहते. उच्च सेन्सिटिव्हिटीच्या (थोड्या पॉवरवर मोठं वाजणाऱ्या) स्पीकरवर ती बसल्या जागी ऐकू येते. रेफरन्स 6 चा बॅलन्स्ड गेन 12 डीबी आहे, त्यामुळे व्हॉल्यूम वापरण्याजोग्या पट्ट्यात राहतो, आणि गाणं थांबलं की पार्श्वभूमी काळीकुट्ट.

कुठलाही ट्यूब प्रीअँप घेण्याआधी पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स (इनपुटचा रोध) बघाच. समजा आउटपुटला 0.47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. पुढे 100 किलोओहमचा ट्यूब अँप असेल तर बास साडेतीन हर्ट्झच्या आसपास उतरायला लागतो, म्हणजे काळजी नाही. तोच कपॅसिटर 10 किलोओहमच्या सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) अँपपुढे आला की हा आकडा 34 हर्ट्झवर जातो. मग लोक म्हणतात, जुन्या ट्यूबना बास नसतो!

वापराचं थोडक्यात: रेफरन्स 6 ला रिमोट आहे, ट्यूब किती तास चालल्या ते डिस्प्लेवर दिसतं, पण उष्णता भरपूर, वर मोकळी जागा हवीच. मरँट्झला यातलं काही नाही. त्याचे स्विच मात्र अजूनही हाताला भक्कम लागतात. ट्यूब बदलून बघण्याची हौस मरँट्झवर जास्त फळते. फोनोच्या पहिल्या जागी टेलिफुंकनची गुळगुळीत प्लेटची ईसीसी83 (12एएक्स7 चंच युरोपी नाव) लावल्यावर हिस कमी झाली आणि व्हायोलिनचा गज जास्त स्पष्ट झाला. बाकीच्या जागांवर महागड्या जुन्या ट्यूब घालून मला फारसं काही मिळालं नाही.

फक्त डिजिटल ऐकणाऱ्याने जुन्याच्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. तबकड्यांचा मोठा संग्रह असेल आणि ट्यूब सर्किट समजणारा तंत्रज्ञ ओळखीत असेल, तर जुनं घ्या, आधी पूर्ण तपासून घ्या, आणि टेप आउटची ती जोडणी करून बघाच. माझ्याकडे आता कायम तीच आहे.