आधी रुग्णाशी, मग घरच्यांशी: पुण्यातील एका मानसोपचार केंद्राविषयी

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर विकार आहे, म्हणजे मन काही काळ उन्मादाच्या चढावर तर काही काळ नैराश्याच्या उतारावर जाण्याचा आजार. गेली दोन वर्षे त्याचे उपचार एरंडवण्यातील एका खासगी मानसोपचार केंद्रात सुरू आहेत, आणि तिथले डॉक्टर, समुपदेशक बाई व औषधांची नोंद ठेवणाऱ्या परिचारिका यांच्याशी आमचे जे बोलणे होत आले, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव लिहू नये अशी भावाची अट आहे. मजकूर त्याने वाचला असून दोन ठिकाणी दुरुस्तही केला आहे.

त्याआधी शहरातील दुसऱ्या एका डॉक्टरांकडे आठ महिने त्याच्यावर केवळ नैराश्याचे उपचार झाले. तो उदास असेल तेव्हाच आम्ही त्याला तिकडे नेत असू, त्यामुळे डॉक्टरांना दिसली ती उदासीच. मधल्या काळात तो रात्री तीन तास झोपूनही ताजातवाना उठत असे, अखंड बोलत असे, कर्ज काढून त्याने दुसरी मोटारसायकल घेतली. पण त्यांनी ते विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही, कारण आम्हाला तो बरा झाल्यासारखाच वाटत होता. बायपोलर विकारात नैराश्यावरची गोळी एकटीच दिली तर त्यातून उन्मादाचा झटका येऊ शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

या केंद्रात पहिल्या भेटीत डॉक्टर पाऊण तास भावाशी एकट्याशी बोलले आणि नंतर आम्हाला आत बोलावून, यांतले घरच्यांना काय सांगू आणि काय नको, हे आमच्या देखत त्यालाच विचारले. मग त्यांनी कागदावर एक आडवी रेघ काढली व बारावीपासूनचे चढ रेघेच्या वर आणि उतार खाली मांडायला घेतले. आईला तारखा आठवेनात, तेव्हा 'गौरी बसल्या तेव्हा तो कसा होता, संक्रांतीला कसा होता' असे विचारत त्यांनी दहा वर्षांचा आलेख पुरा केला. घरात सगळे ज्यांना 'लहरी' म्हणत त्या काकांचा विषयही तेव्हाच निघाला, कारण या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारे औषध सुरू करताना झालेले बोलणे मला सर्वांत मोलाचे वाटते. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा गुण दाखवला, इतके जुने हे औषध आहे. मात्र त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणून आधी मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमच्या तपासण्या झाल्या आणि त्यानंतर रक्तातील पातळी पाहण्यात आली. रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचे आणि पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर राखायची, हे परिचारिकेने मराठीत कागदावर लिहून दिले. अंगदुखीवर मनाने आयब्युप्रोफेन घ्यायचे नाही, कारण त्याने लिथियमची पातळी चढते. निर्जळी उपास करायचा नाही. घरात रक्तदाबामुळे मीठ कमी करायचे झाले तर आधी कळवायचे, ही सूचना तर आईच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारी होती. भावाने विचारले, "ढोल वाजवताना हात थरथरला तर?" डॉक्टरांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. बारीक कंप नेहमीचा आहे आणि त्यावर मात्रा बदलून पाहता येते. पण हात जोराने थरथरू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोबडी वळू लागली, तर पुढची गोळी न घेता तातडीने रुग्णालय गाठायचे, असा फरक त्यांनी स्पष्ट केला.

ढोलाचा विषय मोठाच होता. पथकाचा सराव कित्येक आठवडे चालतो आणि पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, तर या विकारात झोप मोडणे हे झटक्याचे मोठे निमित्त. 'पथक सोड' असे कोणी म्हटले नाही. समुपदेशक बाईंनी त्याच्याकडूनच ठरवून घेतले की वादन दुपारच्या टप्प्यात करायचे, दहाच्या आत घरी येऊन झोपायचे आणि सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली तर फोन करायचा. मी मात्र रोज दहा प्रश्न विचारू लागले, तेव्हा तो चिडून म्हणाला, "ताई, तू बहीण आहेस की पोलीस?" पुढच्या भेटीत बाईंनी माझा वाटा एका प्रश्नावर आणला: किती तास झोपलास? तेवढेच विचारायचे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारी व्यक्ती, निवडता येतो, हेही आम्हाला इथेच समजले. त्याने आईऐवजी माझे नाव दिले. आईला ते लागले, आणि तिच्याशी वेगळे बोलायला डॉक्टरांनी वीस मिनिटे दिली, ज्याचे शुल्क लावले नाही.

तक्रारी आहेत. वेळ घेऊनही तास-दीड तास बसावे लागते. स्वागतकक्षातून रुग्णाचे पूर्ण नाव मोठ्याने पुकारले जाई. आम्ही लेखी हरकत घेतल्यावर क्रमांक सुरू झाले. एकदा लिथियमची पातळी 1.2 आलेली असताना तो अहवाल दोन दिवस संगणकात पडून होता, आणि ही चूक मी किरकोळ मानत नाही. रात्री आठनंतर फोन उचलला जात नाही. ध्वनिमुद्रित संदेश टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या सरकारी क्रमांकाकडे बोट दाखवतो. तो क्रमांक विनामूल्य आणि अहोरात्र चालणारा आहे, तरी आपल्या रुग्णाची मात्रा ठाऊक असलेले माणूस पलीकडे असणे वेगळे. पहिल्या भेटीचे 2000 आणि नंतरच्या प्रत्येक भेटीचे 1000 रुपये होतात. आमच्या विम्यात बाह्यरुग्ण तपासणी बसत नाही. गाडी लावायला जागा शोधू नये, रिक्षाने जावे.

ज्यांना पाच मिनिटांत चिठ्ठी हवी आहे त्यांनी इथे जाऊ नये. ज्या घरात रुग्णाच्या वतीने सगळे बोलतात आणि तो गप्प बसतो, त्या घराने अवश्य जावे.

गेल्या भेटीला भावाने वहीत एकच प्रश्न लिहून नेला होता: दोन वर्षे बरा आहे, तर लिथियम थांबवता येईल का? ते अचानक बंद केल्यास झटका उलटण्याचा धोका असतो हे त्याला माहीत होते. त्याला पुढचे बोलायचे होते. त्या वेळी मी बाहेर बसले होते. आत काय ठरले ते त्याने मला म्हात्रे पूल ओलांडल्यावर, स्वतःहून सांगितले.