0.50 चा बोर सांगितला आणि ब्लॉक नुसता घासून दिला

ज्यांना घरच्या घरी गाडीचं इंजिन खोलायची सवय आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, जरा लांबलंय पण पैसे देण्याआधी वाचा. मी गोव्यात डिचोलीच्या बाजूला राहतो, गाडी बाबांची, 2004 ची हिरो होंडा स्प्लेंडर. गाडी विकायची नाही हे घरात पक्कं, बाबा याच गाडीवरून वीस वर्षं कामाला गेलेत.

तर पावसाच्या आधी निळा धूर यायला लागला. रेस दिली की जास्त, शिवाय ऑईल कमी होत होतं, हजार किलोमीटरमध्ये डिपस्टिक कोरडी. रेस सोडल्यावर भपकन धूर आला तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील, आणि रेस देताना आला तर पिस्टन आणि त्याच्या भोवतीच्या रिंगा, एवढं मला माहीत होतं म्हणून हेड (व्हॉल्व्ह असतात तो वरचा भाग) आणि ब्लॉक (ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो भाग) स्वतःच उतरवायचं ठरवलं.

हत्यारं म्हणाल तर अर्धी घरची. टायमिंग चेन आत पडू नये म्हणून बांधकामाची बाइंडिंग वायर बांधून फ्रेमला अडकवली. पिस्टनची पिन धरून ठेवणारी सर्क्लिप काढताना क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, तोंडात जुनं धोतर कोंबलं, कारण ती क्लिप एकदा आत गेली की पूर्ण इंजिन खोलावं लागतं. ब्लॉक परत बसवताना पिस्टन टेकवायला बांबूच्या दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या तासल्या. टॉर्क रेंच नाही, म्हणून मासे वजन करायचा स्प्रिंगचा काटा पान्याच्या टोकाला अडकवून ओढला, पाना पाव मीटरचा असेल आणि काटा 8 किलो दाखवत असेल तर नटावर बरोबर 2 किलो-मीटर जोर पडतो, फक्त काटा पान्याला काटकोनात ओढायचा. हे सगळं व्यवस्थित जमलं. व्हॉल्व्ह पण मीच लॅप केले, म्हणजे पेस्ट लावून घासून नीट बसवले, पोर्टमध्ये पेट्रोल ओतून दहा मिनिटं ठेवलं, एक थेंब गळला नाही.

एकच काम घरी होत नाही, बोरिंग, म्हणजे ब्लॉकमधलं झिजलेलं गोल भोक (बोर) मशीनवर कापून थोडं मोठं आणि सरळ करणं. आणि तिथेच मला गाठलं.

म्हापशाच्या बाजूचं एक वर्कशॉप, नाव लिहीत नाही. शुक्रवारी गेलो, बाजाराचा दिवस, गर्दी. मालकाने ब्लॉकमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाला 0.50 घालावा लागेल (म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा बोर आणि तेवढाच मोठा पिस्टन), पिस्टन किट ओरिजिनल देतो, बोरिंग आणि होनिंग (दगडाने आतून बारीक घासणं) सगळं धरून 2600 रुपये. मी म्हटलं समोर माप दाखवा, तर म्हणाला मशीनवर दुसरं काम लागलंय, ठेवून जा. तीन वेळा "फाल्यां यो" (उद्या ये) ऐकल्यावर चौथ्या खेपेला ब्लॉक मिळाला, आतून चकाचक, होनिंगच्या तिरप्या रेघा पण होत्या, बॉक्सवर 0.50 चा स्टिकर, पिस्टनच्या माथ्यावर पण 50 ठोकलेलं. मी खूश. बिल मागितलं तर कागदाच्या तुकड्यावर नुसता आकडा लिहून दिला, त्यावर दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. तो कागद मी खिशात घातला आणि निघालो, हीच चूक मला आज सगळ्यात जास्त सलते.

गाडी बसवली, रनिंग-इन म्हणून, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत, हळू चालवली. पहिले काही दिवस छान. सातशे किलोमीटर झाले नाहीत तोच सकाळी स्टार्ट केल्यावर टकटक आवाज, गरम झाल्यावर कमी व्हायचा, आणि मागे परत तोच निळा धूर. परत गेलो तर त्यांच्या फिटरने स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ कानाला लावली आणि दोन मिनिटांत सांगितलं की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) गेलाय, बोर चांगलाच आहे, इंजिन ठेवून जा, क्रँकचं काम 4500. मला घाम फुटला. खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

आमच्या वाड्यावर एक काका आहेत, मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून सोडणारे, पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन रोज स्टँडवर असतात, त्यांनी अडवलं. म्हणाले, "अरे बाबा, रॉडचा आवाज इंजिन गरम झाल्यावर, लोड आल्यावर वाढतो, तुझा तर कमी होतोय. आणि रॉड गेला म्हणून धूर कसा येईल? आधी खोल, मग बघू." रात्री दोघांनी मिळून परत ब्लॉक उतरवला.

रॉड हलवून बघितला. डावीकडे-उजवीकडे थोडा हलतो, तो हलायलाच हवा, तेवढी फट तिथे मुद्दाम ठेवलेली असते. पण बरीच ठिकाणी गिऱ्हाईकाला हेच हलवून दाखवतात आणि घाबरवतात. बघायचं असतं ते वर-खाली, रॉड सरळ धरून खेचायचा-दाबायचा, तिथे कटकट लागली तर गेला. आमचा घट्ट होता, शून्य प्ले.

मग बोर. बोर गेज (बोर आतून मोजायचं यंत्र) आमच्याकडे कुठून असणार, पण फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) होता. वरची रिंग काढून नुसतीच ब्लॉकमध्ये ठेवली, पिस्टनने ढकलून सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजली. अगदी खाली, जिथे रिंग कधी पोचतच नाही तिथे 0.20 मिलिमीटर. वरच्या भागात, जिथे रिंग रोज घासते तिथे पात्या एकावर एक लावून 0.85. आता हे नीट समजून घ्या कारण सगळी चोरी इथे पकडली गेली. बोरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या 3.14 पट ती फट वाढते, गोलाचा घेर असतो तसं. म्हणजे 0.65 ला 3.14 ने भागलं की वर आणि खाली जवळपास 0.20 मिलिमीटरचा फरक. ताज्या मारलेल्या बोरमध्ये वर-खाली फट सारखीच यायला पाहिजे, सातशे किलोमीटरमध्ये एवढी झीज होतच नाही. म्हणजे बोर मारलाच नव्हता, झिजलेल्या ब्लॉकवर नुसते होनिंगचे दगड फिरवून चकाकी आणली होती.

शेजारच्या मुलाचा आयटीआयचा व्हर्नियर आणून पिस्टन मोजला, खाली स्कर्टला, पिनच्या आडव्या दिशेने, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि माथ्याकडे बारीक असतो. आला 49.96. स्प्लेंडरचा स्टँडर्ड बोरच 50 मिमी, पिस्टन 0.50 ओव्हरसाईझ असता तर साडेपन्नासच्या जवळ यायला हवा होता. कार्बन पुसून माथा बघितला तर ते 50 वाकडंतिकडं, हाताने पंच मारून ठोकलेलं, पाच एकीकडे झुकलेला आणि शून्य अर्धाच उमटलेला. नवीन होता तेव्हा माझं लक्षच गेलं नाही. मला त्या रात्री झोप नाही आली, 2600 रुपयांपेक्षा बाबांच्या गाडीत कुणीतरी जाणूनबुजून असं केलं याचा राग जास्त होता.

पिस्टन घेऊन गेलो. मालक म्हणाला हा आमचा नव्हेच, तूच कुठेतरी बदललास. ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरवर तक्रार करायचं मनात आलं, पण पुढे काय ठेवणार? बिल नाही, त्या चिठ्ठीवर नाव नाही, ब्लॉक देतानाचा फोटो नाही. पैसे मिळाले नाहीत.

शेवटी फोंड्याला दुसरीकडे काम केलं. यावेळी आधी ब्लॉकच्या फिनवर पंचने माझी खूण केली, किट स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर घेतलं, पिस्टन तिथेच मोजला, मग ब्लॉकसोबत दिला, कारण बोर पिस्टन मोजूनच मारायचा असतो. तिथल्या माणसाने मशीन लावताना बाजूला उभं राहू दिलं, बोर गेज लावून वर, मध्ये, खाली तिन्ही मापं दाखवली, जुना पिस्टन मागायच्या आधीच हातात दिला. घरी येऊन रिंगची फट मोजली, तिन्ही ठिकाणी 0.20. आणि पावसाळ्यात कुणी हे काम करत असेल तर ब्लॉक आणल्या आणल्या आतून ऑईल लावा, आपल्याकडच्या हवेत एका रात्रीत बोरला तांबूस गंज धरतो.

दीड हजार किलोमीटर झाले आता, धूर नाही. तो खोटा पिस्टन काकांनी माझ्याकडून मागून घेतला, त्यांच्या डिकीत असतो, स्टँडवर कुणी बोरिंगची गोष्ट काढली की आधी तो हातात देतात आणि 50 वाचायला सांगतात.