टेबलावर दशावतार, पानात खापरोळी

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत दोघी नणंद-भावजय लग्नाच्या टेबलांवरचे सेंटरपीस हाताने करून देतात आणि त्याच ऑर्डरीत घरी केलेलं गोडधोडही देतात. फेब्रुवारीच्या अखेरीला कुडाळात माझ्या लेकीचं लग्न झालं, तेव्हा ही दोन्ही कामं मी त्यांच्याकडे सोपवली होती. आठवड्याला एकच लग्न घेतात, सीझनला तेवढंच झेपतं. म्हणून नाव-नंबर नेटवर टाकू नका असं त्यांनी सांगितलंय आणि मी तो शब्द पाळतेय. वेंगुर्ल्यात चार ठिकाणी विचारलंत तर कोणीही घर दाखवेल.

मी स्वतः भावकीतल्या लग्नांची रुखवतं करत आले आहे. सुपारीचे भटजी-भटणी, लोकरीची तोरणं, चिरोट्यांचे मनोरे, सगळं. त्यामुळे हातकामाकडे माझी नजर जरा कडक जाते. रुखवताचं एक दुःख मला कायम वाटत आलंय. महिनोन् महिने खपून केलेल्या वस्तू हॉलच्या कोपऱ्यात मांडतात, बायका येऊन एकदा बघतात आणि जेवायला जातात. या दोघींनी तेच काम उचलून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलंय, जिथे माणूस अर्धा तास तरी बसतो.

पहिल्या भेटीत मी मोबाइलवरचे फोटो दाखवायला लागले, तर भावजयीने फोन बाजूला ठेवायला लावला. "काकीनू, घरात जुनां काय जपान ठेवलात, तां आधी सांगा," म्हणाली. मग विषय निघाला माझ्या सासऱ्यांचा. ते दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतल्या नाटकात, राजपार्ट (राजाची कामं) करायचे. त्यांचा मुकुट आणि तलवार अजून आमच्या माळ्यावर पेटाऱ्यात आहे. जावयाचं घर आचऱ्याचं, रापणीवाल्यांचं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांचं. त्याच्या आजोबांच्या रापणीचा काथ्याचा दोर पडवीत गुंडाळून पडला होता. त्या दोघींनी एवढंच लिहून घेतलं आणि पुढच्या भेटीत नमुना समोर ठेवला.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते! सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिली असेल त्यांना लगेच कळेल. दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पानं असतात. ही कला जवळजवळ बुडाली होती. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. आमची टेबलं वीस, अवतार दहा, म्हणजे प्रत्येक अवतार दोनदा. टेबलांना नंबर दिलेच नाहीत. "काका, तुम्ही कूर्माच्या टेबलावर बसा" असं सांगत आमची पोरं पाहुण्यांना नेत होती.

प्रत्येक सेंटरपीस असा होता. खाली पोफळीच्या विरीची (झावळीच्या बुडाच्या रुंद सालीची) गोल चकती, तिच्यावर रापणीच्या दोराचं वेटोळं, वेटोळ्यात घासून तेल लावलेली करवंटी आणि करवंटीत उभं केलेलं गंजिफाचं पान. पान खऱ्यापेक्षा मोठं, तळहाताएवढं, म्हणजे समोरच्याला बसल्या जागेवरून दिसेल. उंची वीतभर. हे मला फार पटलं. डेकोरेटरवाले उंच फुलदाण्या मांडतात आणि समोरच्या व्याह्याचं तोंड दिसत नाही. तो दोर वर्षानुवर्षं खारं पाणी प्यालेला, त्याला मासळीचा वास होता. त्यांनी तो गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलून बदलून, उन्हात वाळवून वास पार घालवला. मी नाक लावून बघितलं, नुसता काथ्या.

पानं जवळून बघण्यासारखी होती. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून पान कडक केलेलं, वर पांढरा लेप, त्यावर चित्र. मत्स्याच्या पानावरचं एकेक खवलं वेगळं काढलेलं होतं, शेपटीकडे बारीक होत गेलेलं, आणि डोळ्याचा ठिपका सोडून सगळ्या माशावर हिरव्यात निळ्याची छटा. परशुरामाच्या कुऱ्हाडीच्या दांड्याला लाकडाच्या रेषासुद्धा होत्या. रंग बाजारातले ॲक्रिलिकचे आहेत, लाखकाम त्या करत नाहीत. हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. पानाच्या पाठीवर लेक-जावयाची नावं आणि त्याखाली एकेका टेबलासाठी वेगळी ओळ. काहींवर सासऱ्यांनी केलेली भूमिका, काहींवर आचऱ्याच्या घरातली रापणीची एखादी आठवण. आमच्या चुलत सासऱ्यांनी पान उलटून वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून पोरांना धयकाल्याच्या (दशावताराच्या खेळाच्या) रात्रीची गोष्ट सांगत बसले. व्याह्यांकडची माणसं खुर्च्या ओढून ऐकायला आली. दोन घरांची ओळख करून द्यायला मला काही करावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. त्यांनी प्रत्येक वेटोळ्यावर सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) घातला होता. सुरंगी माझी जीव की प्राण, फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे तिच्याशिवाय बाईच्या डोक्याला शोभा नाही. पण बंद हॉलमध्ये वीस टेबलांवर तिचा घमघमाट उठला आणि वरणभातालाही तोच वास यायला लागला. मी पहिल्या पंगतीच्या आधीच वळेसर काढून दारातल्या तबकात ठेवायला लावले, बायकांनी आनंदाने माळले. जेवणाच्या टेबलावर वासाचं फूल नको, हे त्यांनी यापुढे लक्षात ठेवावं. मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ते मानलं.

आता गोडाचं. मी फणसाच्या रसाची सांदणं मागितली होती. त्यांनी साफ नकार दिला. फेब्रुवारीत बरका फणस कुठला, झाडावर कुयऱ्या (कोवळे फणस) आहेत, आणि डब्यातल्या गराचं सांदण त्या करत नाहीत. मला हा नकार आवडला. शेवटी पंगतीला खापरोळी, सोबत धोंडस (तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, केकसारखा गोड पदार्थ), आणि घरी न्यायला खाजा (गूळ-आल्यात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या) असं ठरलं.

खापरोळी मालवणाबाहेरच्या लोकांना फारशी माहीत नसते. तांदूळ, उडदाची डाळ, चण्याची डाळ आणि थोडी मेथी वाटून रात्रभर आंबवायचं, खापरावर जाडसर जाळीदार पोळी घालायची आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायची. घरात चार माणसांना करणं सोपं. लग्नात दोन पंगतींना वाढणं कठीण, कारण रस नासतो. पोळ्या त्यांनी पहाटे भाजून केळीच्या पानात गुंडाळून आणल्या. रस मात्र हॉलच्या मागच्या पडवीत, नारळ तिथेच खवून, पंगतीच्या थोडाच वेळ आधी काढला. पहिला दाट रस वेगळा, दुसरा पातळ वेगळा. गूळ पातळ रसात विरघळवून गाळला आणि दाट रस सगळ्यात शेवटी मिसळला. डबे बर्फाच्या टबात ठेवले. केटररचा पोरगा रस गरम करायला निघाला, तशी नणंद ओरडली, "चुलीर ठेव नको, फाटतलो!" चव सांगायची तर मेथीचा किंचित कडवटपणा, आंबवलेल्या पिठाची हलकी आंबूस चव आणि वरून गोड रस. गूळ बेताचा होता. हल्ली हॉलमधलं गोड एका घासात नको होतं. इथे माणसं दुसऱ्यांदा मागत होती.

दुसऱ्या पंगतीला मात्र घोळ झाला. वाढपी केटररचे होते. त्यांनी वेळ वाचवायला पोळ्या आधीच रसात टाकून ठेवल्या. त्या भिजून फुटल्या आणि पानात लगदा पडला. दोष त्या दोघींचा नव्हे, पण वाढायला स्वतःचं माणूस त्या देत नाहीत, ते त्यांनी द्यायला हवं. वरचे पैसे घेतले तरी चालतील. खापरोळी पानात वाढायची, रस वरून घालायचा, हे माहीत असलेलं माणूस तिथे उभं हवंच.

धोंडस निर्विवाद उत्तम. पावसाळ्यात उतरवलेली तवशी त्यांनी माळ्याला टांगून जपली होती. ती किसून तांदळाचा रवा, गूळ, खोबरं आणि काजूगर घालून टोपात केळीच्या पानावर थापतात, खाली मंद विस्तव, झाकणावर सोडणांचे (नारळाच्या सालींचे) निखारे. वरची साल काळपट तांबूस, करकरीत, आत ओलसर. ओव्हनमधल्या धोंडसाला ती साल येत नाही. जावयाच्या मुंबईच्या मित्रांनी केक समजून घेतला आणि तवशाचा आहे म्हटल्यावर विश्वास ठेवेनात. खाजा बरा होता, आल्याचा झटका हवा तेवढा नव्हता. आमच्या जत्रेतला खाजा याहून खमंग असतो.

स्वच्छतेबद्दल विचाराल तर एफएसएसएआयची नोंदणी आहे, चौदा आकडी नंबर बिलावर छापलेला होता. स्वयंपाकघर मी आत जाऊन बघितलं, नारळ खवायची जागा वेगळी आहे.

पैसे: सेंटरपीस ५५० रुपयांना एक, खापरोळी दोन पोळ्या आणि रस मिळून ४० रुपये पान, धोंडस ६०० रुपये किलो, टेम्पो वेगळा. निम्मे पैसे आधी. दुसऱ्या एका डेकोरेटरने जर्बेरा फोममध्ये खोचून टेबलामागे ९०० सांगितले होते, वर थर्माकोलची अक्षरं फुकट देतो म्हणाला. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे, हे त्याला मी सांगावं लागलं. इथे लग्न झाल्यावर कचऱ्यात काही गेलं नाही. गंजिफाची पानं पाहुणे घेऊन गेले, करवंट्या आमच्याकडे मीठ-मसाल्याला लागल्या, दोर आचऱ्याला परत गेला.

बुकिंग तुळशीच्या लग्नाच्या आधीच करा, आणि फोनवर न ठरवता घरी जा. जाताना दोन्ही घरांतलं कोणीतरी जुनं माणूस सोबत न्या, खरी माहिती तेच देतात. मुलाकडची माणसं येत नसतील तर निदान त्यांच्याकडून एखादी वस्तू मागवून घ्या. आणि धोंडस हवा असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. माळ्याला जेवढी तवशी टांगलेली असतात तेवढीच त्या वर्षाची, बाजारातली काकडी घालून त्या करून देत नाहीत.