खानापूर-बेळगाव बस आणि फोनचा माईक

बोलून टाइप करण्याला पाचपैकी तीन तारे. फोनकडून वाचून घेण्याला पाच. दोन्ही सोयी एकाच फोनात आहेत, दोन्हींना वेगळा पैसा पडत नाही. पण रोज खानापूरहून बेळगावला बसनं ये-जा करणाऱ्या बाईला त्यांचा उपयोग सारखा नाही.

मी बेळगावात एका सौहार्द संस्थेत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, कर्जवसुलीचं काम बघते. कर्जदाराच्या भेटीचा अहवाल, थकबाकीची पत्रं, सभेचं इतिवृत्त, हे सगळं लिखाण मराठीत. वरून येणारी परिपत्रकं मात्र कन्नडमध्ये. अंतर पंचवीसेक किलोमीटर. गणेबैलचा टोल, प्रभूनगर, मच्छे, पिरनवाडीपर्यंत गाडी बरी पळते. तिसऱ्या रेल्वे गेटाकडे आली की रांगेत लागते. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांचं तिकीट शून्य झालं. तेव्हापासून पैसे वाचले, पण सकाळी बसायला जागा मिळणं नशिबाचा भाग झालाय. एक हात दांडीला, खांद्याला पर्स आणि डब्याची पिशवी. अंगठ्यानं टाइप करायचं म्हटलं तर तोल जातो. म्हणून माईक.

आवाजानं टाइप करायची गुगलची सोय मराठीला आणि कन्नडला एकाच वेळी मिळाली, ऑगस्ट 2017 मध्ये. आता बहुतेक कीबोर्डांत माईकचं चिन्ह असतंच, त्यामुळे माझा कोणता हे सांगत बसत नाही. शांत खोलीत साधी मराठी वाक्यं चांगली उतरतात. ‘सदर कर्जदार घरी भेटले नाहीत, शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला’ असलं ऑफिसचं वाक्य तर जवळजवळ जसंच्या तसं. बसमध्ये इंजिनाचा घरघराट, हॉर्न, कंडक्टरची हाळी आणि मागच्या सीटवरचा कुणाचा तरी मोठ्यानं लावलेला व्हिडिओ. तरी माईक ओठांजवळ धरला तर कामापुरता मजकूर येतो. विरामचिन्हं मी नंतरच घालते. आकडे मात्र ऑफिसात बसून तपासायचे, कारण ‘साडेबारा हजार’, ‘पावणेदोन लाख’ हे कधी अक्षरांत येतं, कधी भलत्याच आकड्यांत. वसुलीच्या कागदात हे चालत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गेलं की नेटचा भरवसा नाही, तिकडे वहीच बरी.

पण दोन तारे कापले ते यासाठी नव्हेत. कापले ते बसमधल्या कानांसाठी. आपल्या तालुक्यात प्रत्येक जण कुणाचा तरी पाहुणा असतो. मी हळू आवाजात ‘तीन हप्ते थकलेत’ एवढंच बोलले, तर शेजारच्या मावशींनी लगेच मान वळवली. ‘कुणाचं गं थकलंय?’ मी म्हटलं, ‘कुणाचं नाही मावशी, ऑफिसचं हाय.’ ‘ऑफिसचं कसं थकंल?’ पुढे मच्छेपर्यंत माझी उलटतपासणी. आवाज कंपनीकडे जातो, सर्व्हरवर जातो, याची काळजी शहरातले लोक करतात. करावी. आमच्याकडे तो त्याआधी तिसऱ्या सीटपर्यंत जातो. कर्जदाराची अब्रू म्हणजे संस्थेची अब्रू, तेव्हा नाव, गाव, रक्कम यातलं काहीही मी गाडीत बोलत नाही. ‘पहिली भेट’, ‘दुसरी भेट’ म्हणत फक्त मजकूर सांगते आणि नावं ऑफिसात भरते. सभेचं इतिवृत्त, सुट्टीचा अर्ज, घरच्या सामानाची यादी, यांना काही अडचण नाही. संध्याकाळी परतताना जागा मिळाली तर इतिवृत्ताचा कच्चा मसुदा गाडीतच होऊन जातो, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

आता पाच ताऱ्यांचं. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. कन्नड बोलते, भांडते, बाजारात घासाघीसही करते. वाचायला मात्र वेळ लागतो, जोडाक्षराशी अडते. दोन पानी परिपत्रक म्हणजे अर्धा तास. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ‘सिलेक्ट टू स्पीक’ आहे. मुळात ज्यांना नीट दिसत नाही किंवा वाचायला अडचण येते त्यांच्यासाठी. घरी वायफायवर कन्नड आवाज उतरवून ठेवला, वेग थोडा कमी केला, आणि तेच परिपत्रक गणेबैलपासून पिरनवाडीपर्यंत दोनदा ऐकून होतं. कानाला कन्नड कळतंच. अडत होतं ते डोळ्यांचं. इथे बोलायचं काही नाही, त्यामुळे मावशींनाही काही मिळत नाही. उलट एकदा त्यांनीच पिशवीतून कन्नड कागद काढला, बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेचा. फोनमध्ये फोटोतली अक्षरं उचलायची सोय असते, त्या सोयीनं मी मजकूर घेतला आणि इअरफोनची एक बाजू त्यांच्या कानात दिली. ‘बाई चांगली बोलत्या की,’ म्हणाल्या.

एक अडचण येते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली पीडीएफ असली की फोन काहीतरी अगम्य बडबडतो. त्या फायलीत आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, कन्नड फक्त दिसायला. मराठीतही जुन्या डीटीपीच्या फायलींचं हेच. अशा वेळी पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि फोटोवरून वाचायला लावायचं. शिक्का अक्षरांवर पडला असेल तर तेवढी ओळ स्वतः वाचावी लागते.

इअरफोन वायरचाच घ्या. खिडकीच्या वाऱ्यात गळ्यातल्या नेकबँडचा माईक निकामी होतो, वायरवरचा चिमटीत धरून तोंडाशी नेता येतो. चार्जिंगची कटकटही नाही. एक कान उघडा ठेवा, पिरनवाडीनंतर कंडक्टर स्टॉपचं नाव एकदाच पुकारतो.