सावंतवाडीचा देव्हारा आणि मुंबई–गोवा क्रूझ : मोठी खरेदी जहाजावर चढवण्याचा अनुभव

पायापासून खांबांच्या टोकापर्यंत 28 इंच उंच, 22 इंच रुंद, 18 इंच खोल आणि वर सुटे निघणारे 16 इंचांचे शिखर, असा लाखकाम केलेला लाकडी देव्हारा आम्ही गेल्या हिवाळ्यात सावंतवाडीच्या चितारआळीत विकत घेतला आणि मुरगाव बंदरात थांबलेल्या क्रूझ जहाजावरून अलिबागच्या घरी आणला. जहाजावरच्या जेवणाचे आणि नाचगाण्याचे गुणगान इतरांनी पुष्कळ केले आहे, त्यामुळे मी केवळ ओझ्यापुरते लिहितो. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण यातील बऱ्याच अडचणी कोणत्याही क्रूझवर येण्यासारख्या आहेत.

आमची फेरी दोन रात्रींची होती. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघालेले जहाज शनिवारी सकाळी 9 वाजता मुरगावला लागले, संध्याकाळी 5 वाजेपर्यंत सर्वांनी परत जहाजावर असावे अशी ताकीद होती आणि रविवारी सकाळी आम्ही पुन्हा मुंबईत असणार होतो. इतर प्रवासी जुन्या गोव्यातील चर्च पाहायला आणि समुद्रकिनाऱ्यांवर गेले. आम्ही तिघे, म्हणजे मी, सौ. आणि 74 वर्षांची माझी आई, टॅक्सी करून झुआरीचा पूल, पणजी, म्हापसा, पत्रादेवी, बांदा या मार्गाने सावंतवाडीला गेलो. अंतर एका बाजूने साधारण 90 किलोमीटर आहे आणि जाऊन-येऊन पाच तास सहज मोडतात, त्यामुळे खरेदीसाठी जेमतेम दीड तास हाती उरतो. हा बेत शहाणपणाचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु आईला देव्हारा तिथलाच हवा होता आणि त्यापुढे आमचा इलाज नव्हता.

तिकीट काढताना मी कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून ठेवले होते. मुंबईत चढताना नेण्याच्या बॅगांचे वजन किती असावे हे त्यांच्या कागदांत स्पष्ट दिले आहे, पण मधल्या बंदरात घेतलेल्या वस्तूंविषयी त्यात एक ओळही नाही. फोनवरील मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले, ‘‘चालेल सर, फक्त सुरक्षा तपासणीतून गेले पाहिजे.’’ या वाक्यातील ‘गेले पाहिजे’ हे शब्द अक्षरशः घ्यायचे असतात, हे मला फेरीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सव्वाचार वाजता कळले.

गँगवेपाशी, म्हणजे धक्क्यावरून जहाजात चढण्याच्या वाटेपाशी, प्रत्येक पिशवी एक्स-रे यंत्रातून जाते. त्या यंत्राचे तोंड नजरेने मोजले तर 2 फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडे कमी उंच असावे. देव्हारा रुंदीला बसत होता, पण आडवा केला तरी त्याची 18 इंचांची खोली उंचीत मावत नव्हती, आणि त्यात दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, गोणपाट आणि भाताचा पेंढा गुंडाळलेला असल्यामुळे तो तोंडाशीच अडकला. मग गाठोडे सोडणे आले. दुकानदाराने ज्या निगुतीने सुतळी बांधली होती ती कापताना आईचा चेहरा पाहवत नव्हता. पेंढा जहाजावर नेता येणार नाही असे सांगण्यात आले. आगीचा धोका आणि त्यातून येणारे किडे, अशी दोन्ही कारणे दिली गेली आणि दोन्ही मला पटली. समुद्रात असलेल्या जहाजाला आग लागली तर बाहेरून बंब येत नाही. त्याच कारणाने पूजेच्या सामानातील कापराची डबी आणि उदबत्तीचा पुडा त्यांनी पावती देऊन ताब्यात घेतला, आणि समई केबिनमध्ये ठेवण्यास परवानगी दिली, मात्र ती पेटवायची नाही असे बजावून. आमच्या मागच्या कुटुंबाने आणलेल्या काजूफेणीच्या बाटल्याही अशाच जमा झाल्या. त्या उतरताना परत मिळतात, पण गोव्यातील दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही हा राज्याचा कायदा जहाजाने आलात म्हणून बदलत नाही, याची कल्पना त्यांना कोणीच दिलेली दिसली नाही.

माझी खरी तक्रार पुढे आहे. उघडलेला देव्हारा हाताने तपासणाऱ्या कर्मचाऱ्याने त्याआधी नुकतेच सॅनिटायझर हाताला लावले होते. सावंतवाडीच्या कामावर चढवलेली लाख, म्हणजे लाकडावरचा तो चकचकीत राळेचा थर, अल्कोहोलमध्ये विरघळते. दुकानातील चितारी कारागिराने निघताना आम्हाला हेच सांगितले होते की ओल्या फडक्याने पुसा, पण स्पिरिट लावू नका आणि उन्हात तापू देऊ नका. पुढच्या उजव्या खांबाशेजारी, लाल पट्टीवर, चार बोटांचे फिकट ठसे उमटले ते कायमचे. त्या मुलाचा यात दोष नाही, कारण त्याला लाख म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र बंदरात उतरून स्थानिक कारागिरांकडून खरेदी करा असा आग्रह जाहिरातीत धरणाऱ्या कंपनीने तपासणीच्या टेबलावर कोरडे हातमोजे ठेवायला काय हरकत आहे?

गँगवेच्याही आधीचा एक टप्पा सांगायला हवा, कारण दम खरा तिथे लागतो. बाहेरची टॅक्सी बंदराच्या फाटकापर्यंतच येते आणि तेथून जहाजापर्यंत कंपनीची बस असते. त्या बसला सामानाचा कप्पा नव्हता. देव्हारा दोन आसनांच्या मधल्या वाटेत उभा करून मी तो मिठीत धरून बसलो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘‘एक्सक्यूज मी’’ म्हणत त्याच्यावरून ओलांडत होता. आईला हे ओलांडणे अजिबात रुचले नाही.

केबिनमध्ये पोचल्यावर जागेचा प्रश्न आला. मार्गिकेत काहीही ठेवता येत नाही, कारण संकटकाळी बाहेर पडण्याची ती वाट असते. बाल्कनीच्या केबिनमधील प्रवाशांनाही वस्तू बाहेर ठेवता येत नाहीत आणि लाखेच्या कामाला खारा वारा तसाही मानवत नाही. पलंगाखाली सुमारे फूटभर जागा होती, तिथे शिखर आडवे करून गेले. उरलेला देव्हारा मावेल अशी मोकळी जमीन संपूर्ण केबिनमध्ये एकच होती, ती पलंगाच्या पायथ्याशी. ‘‘अजून देव बसलेले नाहीत, तोवर ते नुसते लाकूड आहे,’’ असे सौ. म्हणाली. ‘‘असेना का, पाय कसे करायचे गं तिकडे?’’ असे आई म्हणाली. शेवटी तिघांच्या उशा उलट्या बाजूला घेतल्या आणि रात्रभर दिव्यांची बटणे पायांशी आली. केबिन साफ करणाऱ्या मुलाने मात्र सकाळी काही न विचारता उशा तशाच उलट्या बाजूला नीट लावून ठेवल्या, ही गोष्ट मला फार आवडली.

आईचे माहेर मालवणचे. तिच्या लहानपणी मुंबईची बोट बंदरात दूर उभी राहायची आणि माणसे, ट्रंका, फणस, आमसुलांची गाठोडी सगळे पडावातून बोटीपर्यंत जायचे. पावसाळ्यात ती वाहतूक बंदच असे. त्या बोटींवर सुखसोयी बेताच्याच होत्या आणि आईला त्यांचे काडीचेही कौतुक नाही, कारण ती प्रत्येक वेळी आजारी पडायची. पण ओझे घेऊन येणारा माणूस त्या बोटीला अनपेक्षित नव्हता. आजच्या क्रूझवर फूटपट्टीच्या बाहेरची वस्तू आली की सर्वांचे चेहरे गोंधळतात, आणि रिसेप्शनवर मी पैसे भरून सामान ठेवण्याची खोली आहे का असे विचारले तेव्हा तशी सोयच नसल्याचे कळले. एवढ्या मोठ्या जहाजात कुलुपाची एक खोली निघू नये, हे पटत नाही.

उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा चिठ्ठी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या परस्पर धक्क्यावर पोचतात. ही व्यवस्था उत्तम चालते, परंतु देव्हाऱ्यासाठी आम्ही ती नाकारली आणि तो स्वतःच उचलून नेला. फेरी देशांतर्गत असल्यामुळे मुंबईत कस्टमचा प्रश्न उद्भवला नाही. श्रीलंकेसारख्या ठिकाणी जाऊन येणाऱ्या फेरीत अशी वस्तू आणाल तर ती कस्टमच्या हिशेबात धरली जाईल, हे खरेदीआधी लक्षात घ्यावे.

मुंबईत ठेवलेली गाडी घेऊन आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्यांसकट नेणारी बोट, पकडली. देव्हारा गाडीच्या मागच्या भागात चादरीत गुंडाळून पडला होता आणि त्याचे मोजमाप कोणी विचारले नाही. तासाभराच्या त्या प्रवासात मी प्रथमच निवांत चहा प्यायलो.

प्रवासी म्हणून मी या क्रूझला पाचपैकी चार गुण देईन आणि हातात मोठी वस्तू घेऊन परतणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नात्याने दोन. आपला देव्हारा, चौरंग किंवा झोपाळ्याची फळी सुटी होत असेल आणि वेष्टनासकट तिची एक बाजू सव्वा फुटाच्या आत राहत असेल, तर खुशाल न्यावी, मात्र पेंढ्याऐवजी जुन्या चादरी वापराव्यात. त्याहून मोठे काही असेल तर दुकानदाराला ट्रान्सपोर्टने पाठवायला सांगावे. आमच्या दुकानदाराने आठ दिवसांत अलिबागला पोचवतो असे सांगितले होते आणि मीच घाई केली.

देव्हाऱ्यात देव बसून आता तीन महिने झाले. लाल पट्टीवरचे बोटांचे ठसे गेले नाहीत, आईने त्यांच्यापुढे हळदीकुंकवाची कोयरी ठेवली आहे.