दहापैकी चार गुणांचं हायस्कूल

घरं विकणाऱ्या वेबसाइट्सवर आमच्या मुलीच्या चार्टर हायस्कूलला दहापैकी चार गुण आहेत. कॅलिफोर्नियात नव्याने आलेले मराठी पालक तेवढंच बघतात आणि मला विचारतात, "ताई, तिला तिथे कसं काय घातलंत?" म्हणून जरा सविस्तर लिहिते. शाळेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत.

चार्टर म्हणजे खासगी नव्हे. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. पैसा सरकारी, कारभार वेगळ्या मंडळाचा, आणि मुदत संपल्यावर सनदेचं, म्हणजे चार्टरचं, नूतनीकरण झालं नाही तर शाळेला टाळं. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. तिथे वशिला चालत नाही.

इथली बहुतेक मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली. आम्हीही त्यातलेच, मी पाळणाघरात काम करते, हे टॅक्सी चालवतात. दुपारचं जेवण 2022 पासून राज्यातल्या सगळ्याच सरकारी शाळांत मोफत आहे, तरी ऑफिसमधल्या बाई उत्पन्नाच्या फॉर्मसाठी पिच्छा पुरवतात. लाजून तो टाळू नका. गरीब घरातली, इंग्रजी शिकत असलेली आणि फॉस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेली) मुलं जितकी, तितका राज्याकडून शाळेला जादा निधी मिळतो. फॉर्म भरला नाही तर तुमचं मूल त्या हिशोबातून गळू शकतं.

आता ते चार गुण. भाषा आणि गणिताची राज्याची परीक्षा हायस्कूलमध्ये एकदाच होते, अकरावीत. नववीत येणारी कित्येक मुलं अजून अपूर्णांकांत अडखळत असतात. तिथून त्यांना कुठवर आणलं, हे त्या आकड्यात कुठे दिसणार? त्यात आईबापांची मिळकतच जास्त दिसते.

शाळेची खरी ताकद म्हणजे अ‍ॅडव्हायझरी. नववीत वीसेक मुलांमागे एक शिक्षक मिळतात, ते बारावीपर्यंत तेच. दहावीत आमची मुलगी केमिस्ट्रीचे लॅब रिपोर्ट देईनाशी झाली, तर ग्रेड घसरण्याआधीच सरांचा फोन आला: "संध्याकाळी ती काय करते?" म्हटलं, धाकट्याला सांभाळते. ओरडा नाही, उपदेश नाही. त्यांनी केमिस्ट्रीच्या बाईंशी बोलून तिला सकाळी शाळेआधी लॅबमध्ये बसवायची सोय केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासाठी लागणारे 15 वर्षभराचे कोर्स (त्यांना ए-टू-जी म्हणतात) इथे प्रत्येकाच्या वेळापत्रकात आधीपासूनच असतात, मागावे लागत नाहीत. बारावीत फाफ्साचा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा, फॉर्म भरायला कॅफेटेरियात लॅपटॉप मांडून संध्याकाळभर माणसं बसतात, स्पॅनिश दुभाष्यासकट. टॅक्सीच्या उत्पन्नाचा हिशोब कुठल्या रकान्यात जातो हे मला तिथेच कळलं.

गणिताची मात्र बोंब आहे. तरुण शिक्षक येतात, जीव तोडून शिकवतात, दमतात आणि जातात. अल्जेब्रा टू तर वर्षाच्या मध्यात बदली शिक्षकांच्या हवाली होता. एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय माहितीपत्रकात भरपूर दिसतात. त्यांच्या परीक्षेत पाचपैकी 3 किंवा जास्त किती जणांना मिळाले, ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. स्कूलबस नाही. बँड नाही, फुटबॉल नाही. ज्याला त्याचीच ओढ आहे त्याने जवळचं मोठं हायस्कूल बघावं.

ग्रॅज्युएशन रेटवर, म्हणजे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांच्या टक्क्यावर, भाळू नका. दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल त्या हिशोबातून वजा होतं, त्यामुळे टक्का छान दिसतो. ओपन हाउसला सरळ विचारा, नववीत किती मुलं होती आणि त्यातली बारावीत किती उरली. आमच्याकडे बारावीचा वर्ग बराच लहान निघाला. काही घरभाडं परवडेना म्हणून गाव सोडून गेली, काही इथला अभ्यास झेपेना म्हणून. काउन्सेलरबाईंनी हे दुसरं कारणही आडपडदा न ठेवता सांगितलं. धाकट्याचा अर्ज आम्ही इथेच टाकलाय. बहीण शिकत असल्यामुळे सोडतीत त्याला प्राधान्य आहे. गणितासाठी शनिवारची शिकवणी मात्र आताच शोधून ठेवली.