लांब केसांची मांजर: काय वापरात राहिलं, काय कपाटात गेलं

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. दोन मापांच्या दातांची एक स्टीलची फणी, एक स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि एक रबरी हातमोजा, एवढ्यावर आमचं भागतं. बाकी विंचरायला म्हणून जे जे घेतलं ते एक तर क्वचित बाहेर निघतं, नाही तर कपाटात धूळ खात पडलंय. वर्ष होत आलं या सगळ्याला. आमची शेवरी पर्शियन वळणाची आहे, करडी-पांढरी, पोटाखाली आणि मागच्या मांड्यांना भरघोस लोकर. घरात काळा कपडा कुठे ठेवलाय हे तिला आमच्याआधी कळतं.

केस गळणं थांबत नाही, हे आधी मान्य करून टाकलेलं बरं. मांजरीच्या अंगावर वर लांब राठ केस असतात आणि त्यांच्याखाली मऊ, आखूड लव. कोपऱ्याकोपऱ्यात जमणारे पुंजके मुख्यतः या लवेचे. दिवस लहान-मोठा होईल तसं शरीर जुनी लव टाकून नवी आणतं. पण जी मांजर कायम घरातच असते आणि रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या उजेडात वावरते, तिचं हे चक्र पुसट होतं आणि थोडी थोडी गळती बारमाही चालूच राहते. त्यामुळे ‘गळती बंद’ असं डब्यावर लिहिलेलं काहीही मी घेत नाही. केस सुटणार हे ठरलेलंच. तो फणीत जायचा, सोफ्यावर की तिच्या पोटात, एवढंच आपल्या हातात असतं.

आता फणी. हिच्यावर जरा जास्त लिहिते, कारण सगळा फरक हिने पडला. साधी धातूची, अर्ध्या भागात विरळ दात आणि अर्ध्या भागात बारीक. ब्रशची गंमत अशी की तो वरच्या केसांवरून झकास फिरतो, मांजर गुळगुळीत दिसते, आणि आत कातडीलगत लव हळूहळू एकमेकांत अडकत राहते. हाताला काही कळत नाही आणि एक दिवस काखेत टणक गठ्ठा लागतो. म्हणून आम्ही केसांना भांग पाडतो. एका हाताने वरचे केस उलटे धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे, मग तेवढीच पट्टी विरळ दातांनी मुळापासून टोकापर्यंत विंचरायची. ती झाली की पुढची पट्टी. शेवटी बारीक दात फिरवून बघायचे. ते न अडता निघाले तर तो भाग झाला. अडले तर तिथे गाठ धरतेय असं समजायचं आणि ओढायचं नाही. गाठीच्या मुळाशी केस चिमटीत धरायचे म्हणजे कातडीला ताण बसत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत आत यायचं.

पाठीवर फार वेळ घालवू नका. पाठ सोपी असते, मांजरीलाही आवडते, म्हणून सगळे तीच विंचरत बसतात. गुंता धरतो तो कानांमागे, पुढच्या पायांच्या काखेत, पोटाखाली, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गळ्यात पट्टा असेल तर त्याच्याखाली.

मांजर स्वतःला चाटून साफ करते की, मग तुमचा हा खटाटोप कशाला, असं घरी येणारे हमखास विचारतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी मांजरीच्या जिभेवरचे काटे तपासले. त्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यातून लाळ केसांच्या आतपर्यंत पोहोचवली जाते, असं त्यांना दिसलं. बहुतेक मांजरींमध्ये हे काटे कातडीपर्यंत पोहोचतात. पर्शियनचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, मात्र इतका दाट की तिथे ते कमी पडतात. म्हणजे शेवरी आळशी नाही, तिची जीभच पुरत नाही. हे वाचल्यावर तिच्याबद्दलचं माझं मत बरंच सुधारलं.

सुटलेली लव ओढून काढणारं, दातेरी धातूच्या पात्याचं डीशेडिंग टूल हे या यादीतलं सगळ्यात दिखाऊ प्रकरण. पहिल्यांदा फिरवलं की अजून एक मांजर तयार होईल एवढी लव निघते आणि आपण हरखून जातो. अडचण पुढे येते. पातं फक्त सुटलेली लव काढून थांबत नाही. जोर दिला किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवलं तर वरचे चांगले केसही तुटतात, कोट विरळ दिसायला लागतो आणि कातडी लाल होते. गाठ असलेल्या जागी तर ते नकोच. आता ऋतू बदलताना, फणी करून झाल्यावर, फक्त पाठीवर आणि मोजके हात, एवढंच त्याचं काम उरलंय. एकच वस्तू घेणार असाल तर ही घेऊ नका.

स्लिकर ब्रश शेपटीला आणि मांड्यांच्या झुपक्यांना उत्तम. घेताना तारा स्वतःच्या मनगटावर दाबून बघा. आपल्याला टोचल्या तर तिलाही टोचणार.

वेळेबद्दल एक सांगते. लांबलचक बैठक मारून सगळी मांजर एकदम विंचरायचा नाद सोडा. रोज थोडं, आणि तिने ‘पुरे’ म्हणायच्या आत आपण थांबायचं. शेपटीचं टोक फटकायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले की फणी खाली. पोटाला हात लावू द्यायची वेळ म्हणजे झोपेतून अर्धवट उठलेली असताना, तेही एका कुशीचंच.

गठ्ठा झालाच तर कात्री लावू नका. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते, गठ्ठ्याबरोबर ती वर ओढली जाते आणि कात्रीत कधी आली ते समजत नाही. गठ्ठा सोडवण्याआधी अंघोळही नको, ओला होऊन वाळला की तो आणखी आवळतो. कातडीला चिकटून बसलेला गठ्ठा पशुवैद्याकडे किंवा अनुभवी ग्रूमरकडे मशीननेच काढून घ्यायचा. बाकी, सगळी मांजर भादरून टाकली तर कटकट संपेल का? नाही. केस गळतातच, फक्त आखूड गळतात आणि कापडात असे रुततात की चिकट कागदाच्या रोलरलाही दाद देत नाहीत.

घराकडे वळते. रबरी हातमोजा मांजरीसाठी म्हणून विकतात, पण तिच्या अंगावर तो लाड करण्यापलीकडे फारसं काही करत नाही. किंचित ओला करून सोफ्यावर एकाच दिशेने ओढा आणि मग बघा, केसांची वळकटीच निघते. गालिच्यावर खिडक्या पुसायचा रबरी वायपर असाच चालतो. चिकट कागदाचा रोलर दाराशी ठेवलाय, बाहेर पडताना कपड्यांवर फिरवायला. त्याने सोफा साफ करायला बसलात तर कागदच संपत राहतील.

रोबो व्हॅक्यूमला पास करते, पण काठावर. रोज फिरला तर पुंजके जमत नाहीत हे खरं. मात्र लांब केस ब्रशच्या दोन्ही टोकांना, आसाशी गुंडाळले जातात, आणि ते वेळच्या वेळी कापून काढले नाहीत तर ब्रश अडायला लागतो. केसाळ ब्रशपेक्षा रबरी रोलरचं मॉडेल घ्या. शिवाय ते यंत्र सोफ्यावर चढत नाही, आणि शेवरी जमिनीवर बसत नाही.

त्यावर आम्ही काढलेला उपाय फुकटातला आहे. तिच्या ठरलेल्या जागांवर एकेक जुनी चादर टाकून ठेवलीये. बरेचसे केस चादरीवरच जमतात. धुण्याआधी चादर कोरडी असतानाच झटकायची किंवा ड्रायरमध्ये थोडा वेळ फिरवून घ्यायची. तशीच मशीनमध्ये टाकली तर ओले केस बाकीच्या कपड्यांना चिकटून बसतात.

एअर प्युरिफायर केसांसाठी घेत असाल तर राहू द्या. त्यातला हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, पण केस जड, तो हवेत राहतो किती? जो यंत्रापर्यंत पोहोचतो तो बाहेरच्या जाळीतच अडकतो. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. तो त्रास मुळात केसांचा नसून मांजरीच्या लाळेतल्या आणि कातडीच्या तैलग्रंथींतल्या प्रथिनाचा असतो, आणि ते अगदी बारीक कणांवर बसून हवेत फिरतं. तिथे प्युरिफायरचा उपयोग होतो, केस कितीही विंचरले तरी.

पोटात जाणाऱ्या केसांचं राहिलं. फणी नियमित झाल्यापासून गोळे ओकणं बरंच कमी झालंय, त्यामुळे केसांच्या गोळ्यांसाठीची पेस्ट आता क्वचितच उघडतो. पण मांजर नुसतेच उमाळे काढतेय आणि बाहेर काही पडत नाही, खाणं सुटलंय, मलूल आहे, शी होत नाही, अशा वेळी पेस्टवर भिस्त ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. तसंच गळती सगळीकडून न होता एखाद्या जागी टक्कल पडत असेल, किंवा ती पोट सारखं चाटत असेल, तर मामला पिसवांचा, ॲलर्जीचा, दुखण्याचा किंवा ताणाचा असू शकतो. त्यावर कुठलीच फणी चालत नाही.